म्हसोबापासून पंच्याहत्तर मीटर

पुंजाराम तुपे यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. ही गोष्ट ते कुठं मिरवत नाहीत. परमिट रूमच्या अर्जात ‘या व्यवसायाचा पूर्वानुभव’ असा एक रकाना होता आणि त्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘नाही. शेजारून वास येतो तेवढाच’ असं लिहिलं, म्हणून ती सरकारदरबारी नोंदली गेली.

गाव त्यांना पुंजाभाऊ म्हणतं. फुलंब्रीच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत वळलं की तीनेकशे मीटरवर, गावाच्या तोंडाशी, त्यांचं हॉटेल समाधान आहे. चार टेबलं आत, चार बाहेर, मागं मका, पुढं लिंबाचं झाड. चोवीस वर्षं तिथं शेवभाजी, पिठलं, ठेचा आणि बाजरीची भाकरी मिळते. पत्नी लक्ष्मीबाई रांधतात, पुंजाभाऊ वाढतात, आणि पंच्याऐंशीच्या घरातल्या मातोश्री गोजरबाई दाराशी बसून कोणतं गिऱ्हाईक किती कमी जेवलं यावर मत देतात.

मधल्या काळात सरकारनं हमरस्त्यालगतची दारू बंद केली. माणसानं पिऊन गाडी चालवू नये, हा हेतू. आता माणसं हमरस्ता सोडून तीनशे मीटर आत येतात, पितात, आणि तीनशे मीटर जास्तीची गाडी चालवत परत जातात. रस्त्यापासून लांब गेलेली ही दारू नेमकी पुंजाभाऊंच्या डाव्या आणि उजव्या हाताला येऊन थांबली. दोन वर्षांत दोन परमिट रूम उभ्या राहिल्या. एकीच्या दारात कारंजं आहे. दुसरीत इतका अंधार आहे की आत काय आहे ते अजून कुणी नीट सांगू शकलेलं नाही.

शहरातल्या गाड्या समाधानपुढंही थांबायच्या. काच खाली यायची.

‘मामा, बसायची सोय आहे का?’

‘हाये की. आठ टेबलं हायेत.’

‘तसं नाही हो. बसायची.’

‘बाकडंबी हायेत बाहेर.’

काच वर जायची. वर्षभर हे चाललं. पुंजाभाऊंनी दोन टेबलं वाढवली. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंनी कढई खाली ठेवून त्यांना बाजूला घेतलं आणि हे लोक कशाला बसतात ते सांगितलं. पुंजाभाऊंनी दहाही टेबलांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, ‘मंग आपल्याकडं चोवीस वर्षं नुसतेच बसून गेले म्हनायचे.’

गिऱ्हाईक आटलं. दुपारी आठ टेबलांवर दोन माणसं आणि दहा टेबलं झाल्यावरही दोनच. भाचा राजेंद्र शेंद्र्याच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्यानं मामासाठी गेटवर वॉचमनची जागा बोलून ठेवली. पोशाख कंपनीचा, जेवण कँटीनचं. वाईट काही नव्हतं. फक्त चोवीस वर्षं येईल त्याला ‘या, बसा’ म्हणणाऱ्या माणसानं उरलेलं आयुष्य ‘कुठं निघाले? पास दाखवा’ म्हणत काढायचं होतं. पुंजाभाऊंना त्याची कल्पना करवेना. त्यांनी आरशासमोर एकदा म्हणून पाहिलं. आरशातल्या माणसाला त्यांनी आत सोडलं.

तेव्हा ठरलं ते असं: एक तर परमिट रूमचं लायसन, नाहीतर हॉटेलला कुलूप आणि शेंद्रा.

लायसनच्या कामाला शहरात जब्बारभाई भेटले. कचेरीसमोर त्यांचं दीड माणूस मावेल एवढं दुकान आहे आणि त्यावर ‘सर्व प्रकारचे लायसन, ट्रस्ट नोंदणी, शॉप अॅक्ट, लग्न नोंदणी’ अशी पाटी आहे. जब्बारभाई हज करून आलेले. दारूच्या फायली ते डाव्या हाताला ठेवतात आणि चहा उजव्या हातानं पितात. फाइल पुढं ज्यांच्याकडे गेली त्या उत्पादन शुल्क खात्याच्या दुय्यम निरीक्षक तनुजा साळवे. पंचशील पाळणारं घर, आजोबांनी दीक्षा घेतल्या दिवसापासून उंबऱ्याच्या आत बाटली आलेली नाही. म्हणजे अर्जदार, मध्यस्थ आणि अधिकारी या तिघांत मिळून दारू कशी लागते हे ठाऊक असलेला माणूस एकही नव्हता. त्यामुळे काम अत्यंत शुद्धीवर चाललं आणि म्हणूनच बहुधा लांबलं.

साळवे मॅडम पहिल्या पाहणीला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक शिपाई आणि एक मोजपट्टी होती. नियम सोपा आहे. शाळा आणि नोंदणी झालेलं देवस्थान यांच्यापासून नवी परमिट रूम पंच्याहत्तर मीटर लांब हवी. शाळा गावाच्या पलीकडच्या टोकाला होती. मारुतीचं देऊळ एकशे बारा मीटर भरलं. मॅडम निघता निघता लिंबाच्या झाडाखाली थांबल्या. बुंध्याशी गुडघ्याएवढा एक दगड होता.

‘हा काय आहे?’

‘म्हसोबा,’ पुंजाभाऊ म्हणाले.

‘देऊळ आहे?’

‘नाय, दगुड हाये.’

‘नोंदणी झालेली आहे का?’

‘दगडाची?’

मॅडमनी लिहिलं: ‘हॉटेलसमोर झाडाखाली एक दगड. संस्था नाही. हरकत नाही.’ पुंजाभाऊंनी चहा दिला. त्या चहाचे पैसे मॅडमनी दिले आणि पुंजाभाऊंना काम होणार की नाही ते कळेना.

गोजरबाई दाराशी बसून हे सगळं पाहत होत्या. सरकार येऊन मोजून गेलं, पण देवाला कुणी काही बोललं नाही, हे त्यांना खटकलं. त्याच संध्याकाळी त्यांनी म्हसोबाला नवस केला: लेकराचं लायसन होऊ दे, तुला शेंदूर लावीन, डोक्यावर पत्रा घालीन. इथवर सगळं रीतीनं झालं. नवस बोलतात, काम होतं, मग फेडतात. पण गोजरबाईंनी तो दुसऱ्याच दिवशी फेडून टाकला.

‘माय, अजून लायसन कुठं झालं?’ पुंजाभाऊ म्हणाले.

‘वाजंत्र्याला सुपारी कधी देतात रे? लग्न झाल्यावर?’

‘आधी.’

‘मंग देवानं काय घोडं मारलं?’

दगडाला शेंदूर लागला. चार लाकडी वाशांवर पत्रा चढला. अगोदरच नवस फेडून मिळालेला हा पंचक्रोशीतला पहिला देव. आपल्यावर इतका भरवसा टाकलेला पाहून तो कामाला लागला असावा, कारण पंधरा दिवसांत सरपंच काकासाहेबांची हरवलेली म्हैस त्याच्याकडेच सापडली. म्हैस पत्र्याच्या सावलीत बसली होती. उन्हाळ्याचे दिवस होते आणि आसपास दुसरी सावली नव्हती, पण हा तपशील सांगताना काकासाहेब गाळतात. त्यांनी नारळ फोडला. पाठोपाठ कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, कुणाची मोटर जळता जळता राहिली. सिल्लोड, कन्नडकडून माणसं येऊ लागली. अमावस्येला तर गाड्या लावायला जागा राहीना. एरवी म्हसोबाला कोंबडं चालतं. हा शाकाहारी निघाला, कारण समोरचं हॉटेल शाकाहारी होतं आणि नैवेद्य तिथूनच येत होता. गोजरबाई रोज दुपारी बाराच्या ठोक्याला ताट घेऊन जात.

पुंजाभाऊंना हा सगळा उपद्रव वाटे. लायसनच्या कागदांसाठी शहरात जायचं तर अमावस्येला गर्दी. दोनशे माणसं आमटी-भाकरी मागत बसलेली. ‘ह्या लोकांपायी धंद्याकडं बघायला येळ भेटंना,’ असं ते म्हणत. लक्ष्मीबाई त्यावर म्हणाल्या, ‘दारू आना का देव आना, ताटं मलाच घासायचीत.’

कागदांपैकी एक मोठा कागद राहिला होता, ग्रामसभेचा ना हरकत ठराव. तो मिळणं अवघड होतं, कारण गावात आवडाबाई होत्या. दोन वर्षांपूर्वी कारंजेवाल्या परमिट रूमवर लाटणं घेऊन जो मोर्चा गेला तो आवडाबाईंचा. परमिट रूम बंद झाली नाही, पण कारंजं तीन दिवस बंद होतं. पुंजाभाऊ ठरावाचा विषय काढायला कचरत होते. तो विषय निघाला तो सिल्लोडच्या एका भक्तामुळं. अमावस्येच्या गर्दीत त्यानं सहज विचारलं, ‘ज्या नवसानं देव जागा झाला म्हणता, तो फळला का?’

गावानं बोटांवर महिने मोजले. नवस फेडून आठ महिने झाले होते. लायसन आलेलं नव्हतं.

ही बाब गंभीर होती. देवाला पैसे, म्हणजे शेंदूर आणि पत्रा, पोचलेले, काम बाकी. बाहेरगावी हे पसरलं तर देवाची पत काय राहील? महिनाभरानं ग्रामसभा भरली तेव्हा पहिल्यांदा आवडाबाईच उठल्या.

‘दारूला माझा इरोध हाये. तो लिहून घ्या.’

ग्रामसेवकानं लिहून घेतलं.

‘पर म्हसोबाचा शब्द मी पडू देनार नाय. तेबी लिहून घ्या.’

ग्रामसेवक हुशार माणूस. त्यानं दोन्ही एका वाक्यात बसवलं: ‘दारूच्या व्यसनाचा ही सभा तीव्र निषेध करते आणि श्री. पुंजाराम तुपे यांच्या परमिट रूमला एकमताने ना हरकत देते.’ टाळ्या वाजल्या. महिलांच्या बाजूनं जास्त वाजल्या.

सभा इतकी रंगात आली होती की काकासाहेबांनी लगेच पुढचा विषय घेतला. एवढा जागृत देव, आणि डोक्यावर पत्रा? सभामंडप पाहिजे. सभामंडपाला सरकारी निधी पाहिजे, निधीला ट्रस्ट पाहिजे, ट्रस्टला अध्यक्ष पाहिजे. झाड पुंजाभाऊंच्या जागेत, नवस पुंजाभाऊंच्या आईचा, नैवेद्य पुंजाभाऊंच्या चुलीवरचा. ‘ट्रस्टचे अध्यक्ष म्हणून श्री. पुंजाराम तुपे यांची एकमताने निवड’ हाही ठराव झाला. पुंजाभाऊ उभे राहून म्हणाले, ‘मला लायसनचं काम हाये, मला ह्यात नका घेऊ.’ लोकांना हा विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी पुंजाभाऊ दोन्ही ठराव एकाच पिशवीत घालून जब्बारभाईंकडे गेले. जब्बारभाईंनी दारूची फाइल डाव्या हाताला आणि देवाची उजव्या हाताला ठेवली. दोन्हींना पुंजाभाऊंचा एकच फोटो चिकटवला. एका फायलीत ‘अर्जदार’ लिहिलं, दुसरीत ‘अध्यक्ष’. आणि दोन्ही आपापल्या कचेऱ्यांकडे रवाना केल्या.

देवाची फाइल आधी सुटली. सहा महिन्यांत ‘श्री म्हसोबा देवस्थान ट्रस्ट’चा नोंदणी क्रमांक आला. गावानं पेढे वाटले. त्यानंतर दहा दिवसांनी खात्याचं पत्र आलं: आपल्या नियोजित परमिट रूमसमोर नोंदणीकृत धार्मिक संस्था असल्याचं निदर्शनास आलं आहे, सबब फेरपाहणी करण्यात येईल.

हे पत्र वाचून जब्बारभाई पहिल्यांदाच दुकान बंद करून गावात आले. रिक्षातून उतरले, हॉटेल पाहिलं, मान वळवली, पत्रा पाहिला आणि खाली बसले.

‘पुंजाभाऊ, ये क्या है?’

‘म्हसोबा. तुम्हीच तर नोंदनी केली.’

‘अरे, वो मंदिर ये है? मैं समझा गाँव के उस तरफ होंगा! मेरेकू बताए कायकू नहीं?’

‘तुम्ही इचारलं नाय.’

‘फाइल में पूछते क्या, के भगवान किदर बैठते?’ जब्बारभाईंनी कपाळाला हात लावला. ‘मेरी जिंदगी में पहली बार दोनों फाइलां पास होने के लायक थीं.’

पण माणूस धंद्याचा पक्का. त्यांनी नियमाचं पुस्तक काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अंतर मोजायचं ते हवेतून मोजायचं नाही. परमिट रूमच्या दारापासून देवळाच्या दारापर्यंत, पायी जाणारा माणूस नेहमी ज्या वाटेनं जातो त्या वाटेनं मोजायचं.

‘दरवाजा किदर है, ये भगवान नहीं बताता,’ जब्बारभाई म्हणाले. ‘मिस्त्री बताता.’

गाव कामाला लागलं. देवाच्या शब्दाचा प्रश्न होता. श्रमदानानं समाधानचं पुढचं दार विटांनी बुजवलं. मागच्या भिंतीला नवं दार पाडलं. हॉटेलच्या दोन्ही अंगांना तारेचं कुंपण घातलं, म्हणजे मागच्या दारानं निघालेल्या माणसाला मक्याच्या बांधानं, काकासाहेबांच्या गोठ्याला वळसा घालून, विहिरीवरून पुढं येऊनच म्हसोबाला पोचता येईल. काकासाहेबांनी स्वतः दोरीनं मोजलं. अठ्ठ्याहत्तर मीटर भरले. हॉटेल समाधान आता रस्त्याकडं पाठ करून बसलं होतं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते बंद वाटे. मक्यातून फिरून येणाऱ्यालाच ते उघडं असल्याचं कळे.

फेरपाहणीच्या दिवशी सकाळी पुंजाभाऊंनी आईला बाजूला घेतलं. आज जे व्हायचं त्यावर सगळं होतं. राजेंद्रचा सकाळीच फोन आला होता, मामा, साहेब विचारू राह्यलेत, जागा किती दिवस धरू?

‘माय, आज नैवेद्य घेऊन जाशील तं मागल्या दारानं जाय. बांधावरून.’

‘कामून?’

‘अंतर जास्त दिसाया पाहिजे.’

‘कुनापासून?’

‘म्हसोबापासून.’

गोजरबाईंनी लेकाकडं बघितलं. ‘लोक देवाजवळ जायला मरतात. लांब पळनारा तू पह्यला. बरं, जाईन.’

साडेअकराला साळवे मॅडम आल्या. शिपाई तोच, मोजपट्टी नवी. सगळं गाव कुंपणाला टेकून उभं. आवडाबाई पुढं. जब्बारभाई पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवून तयार. मॅडमनी मागचं दार पाहिलं, बांध पाहिला, गोठा पाहिला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

‘ही वाट नेहमीची आहे?’

‘पहिल्यापासून!’ गाव एका सुरात म्हणालं. बुजवलेल्या दारातलं सिमेंट अजून ओलं होतं.

‘इथून देवळात रोज कोण जातं?’

गावाला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. भक्त यायचे ते रस्त्यानं यायचे. हॉटेलातून देवळात रोज जाणारं एकच माणूस होतं.

‘माझी माय,’ पुंजाभाऊ म्हणाले. ‘नैवेद्य घेऊन.’

‘बारा वाजतच आलेत. त्या जातील तशी पट्टी धरू,’ मॅडम म्हणाल्या.

बाराला गोजरबाई ताट घेऊन मागच्या दारात आल्या. नऊवारी, काठी, ताटावर फडकं. लेकाचा शब्द पाळायचं त्यांच्या मनात होतं, त्यात शंका नको. त्या बांधावर चढल्या. मागून शिपाई पट्टी सोडत, त्याच्यामागं मॅडम, त्यांच्यामागं गाव. दहा मीटर. वीस. गोजरबाई थांबल्या, दम खाल्ला, पुन्हा निघाल्या. तीस. पुंजाभाऊ मनात आकडे मोजत होते. गोठा आला. म्हशीनं मान वर करून एवढी मिरवणूक पाहिली. चाळीस मीटरवर गोजरबाई पुन्हा थांबल्या आणि ताटावरचं फडकं उचलून पाहिलं.

‘अगं बया! काडीपेटी राह्यली.’

‘राहू दे माय, मी आनतो!’ पुंजाभाऊ ओरडले.

‘तुला घावायची नाय. पिठाच्या डब्यामागं हाये.’

आणि त्या वळल्या. आल्या वाटेनं परत, मागच्या दारानं आत. शिपाई पट्टी धरून दारात थांबला. आत डबे वाजले. मग भांडी सरकल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. गाव मागच्या दाराकडं पाहत राहिलं. तेवढ्यात आवडाबाई म्हणाल्या, ‘आवो, त्या तिकडं!’

गोजरबाई हॉटेलच्या पुढच्या बाजूला होत्या. लिंबाखाली पोचायला त्यांना चार पावलं उरली होती.

स्वयंपाकघराच्या मोरीला रस्त्याच्या अंगानं एक दार आहे. दीड हात रुंद, वाकून जावं लागतं. श्रमदानाच्या दिवशी पुढचं दार बुजवलं, हे राहिलं. ते दार आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण त्यातून फक्त खरकटं पाणी आणि गोजरबाई जायच्या.

मॅडम मोरीपाशी गेल्या. खाली ओल्या जमिनीत मोरीपासून लिंबापर्यंत बोटभर खोल पायवाट पडलेली होती.

‘आजी, रोज इथून जाता?’

‘मंग काय गावाला चक्कर मारू? गुडघे पाह्यले का माझे?’ गोजरबाईंनी उदबत्ती पेटवली, ओवाळली, आणि मग त्यांना सगळं गाव आपल्याकडं पाहतंय हे दिसलं. लेकाचा चेहरा दिसला. ‘पुंजा, चुकलं का रे काही?’

पुंजाभाऊंनी आईच्या हातातली काडीपेटी घेतली. ‘नाय माय. काडीपेटी लागनारच की,’ ते म्हणाले. मग मॅडमकडं वळून, ‘मोजा मॅडम. ऊन लई हाये.’

एकोणतीस मीटर भरले.

पंचनामा बाहेरच्या टेबलावर झाला. खाली दोन सह्या लागत होत्या. एक अर्जदाराची आणि एक संबंधित धार्मिक संस्थेच्या अध्यक्षांची. मॅडमनी विचारलं, ‘अध्यक्ष कुठं आहेत?’ पुंजाभाऊंनी हात वर केला. मॅडमनी पेन खाली ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पुंजाभाऊंनी जब्बारभाईंना विचारून अर्जदार म्हणून ‘अंतर मान्य नाही’ लिहून सही केली. मग काकासाहेबांना विचारून अध्यक्ष म्हणून ‘अंतर मान्य आहे. समोर दारू होऊ नये’ लिहून सही केली. दोन्ही सह्या सारख्या आल्या. मॅडमनी त्यावर शेरा मारला नाही. त्या जेवल्या. शेवभाजीचे आणि भाकरीचे पैसे देऊन गेल्या.

महिन्यानं नकाराचं पत्र आलं. त्यात एक वाक्य होतं: ‘सदर ठिकाण हे परिसरातील प्रसिद्ध व भाविकांची नित्य वर्दळ असलेले धार्मिक स्थळ असून…’ पुढचं कुणी वाचलं नाही. काकासाहेबांनी त्या पत्राची मोठी झेरॉक्स काढली, चौकट करून म्हसोबाच्या पत्र्याखाली टांगली. पंचक्रोशीत इतके देव आहेत, पण प्रसिद्ध असल्याचं सरकारनं लेखी कळवलेला हा एकच. नवसाचं काय झालं, असं पुन्हा कुणी विचारलं नाही. त्यापुढची अमावस्या शनिवारी आली आणि बाहेरची माणसं मोजता येईनात. समाधानचं पुढचं दार श्रमदानानंच परत फोडलं.

जब्बारभाईंनी मात्र हार मानली नाही. तीस दिवसांत अपील करता येतं. त्यांनी ते करून टाकलं. काही आठवड्यांनी पोस्टमन दोन लिफाफे घेऊन हॉटेलात आला. एक अपीलकर्ता पुंजाराम तुपे यांना, सुनावणीला हजर राहण्याबद्दल. दुसरा सामनेवाले, श्री म्हसोबा देवस्थान ट्रस्टचे अध्यक्ष पुंजाराम तुपे यांना, अपीलकर्त्याविरुद्ध म्हणणं मांडण्याबद्दल. पोस्टमननं दोनदा सही घेतली आणि दोनदा ‘तुम्हीच का?’ असं विचारलं.

पुंजाभाऊंनी जब्बारभाईंना फोन लावला.

‘भाई, दोघांपैकी एकानं जायाचं का दोघांनी?’

‘दोनों को जाना पड़ता. मगर बैठना अलग-अलग बाजू.’

‘अन् सामनेवाला नाय आला तर?’

‘फिर एकतर्फा निकाल. आपके हक में.’

‘अन् मी नाय आलो तर?’

‘वो भी एकतर्फा. आपके खिलाफ.’ पलीकडे कपबशी वाजली. ‘पुंजाभाऊ, किसको भेजना है, आप घर में बैठ के तय करो. मेरेकू दोनों क्लाइंट हैं.’

पुंजाभाऊंनी तय करायला घेतलं होतं. पण सुनावणीची तारीख अमावस्येची निघाली. सकाळी अकराला शहरात पुकारा झाला तेव्हा समाधानमध्ये तिसरी पंगत उठत होती, चौथी ताटं धरून उभी होती आणि बाजरीचं पीठ संपत आलं होतं. राजेंद्रचा फोन वाजून वाजून बंद झाला. तो शेंद्र्याच्या जागेचं विचारत होता की कंपनीतून म्हसोबाला येणाऱ्या चाळीस जणांच्या जेवणाचं, ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही. निकालपत्र टपालानं आलं. त्यात लिहिलं होतं की, पुकारा करूनही अपीलकर्ता व सामनेवाले हे दोघेही गैरहजर राहिले, सबब अपील निकाली काढण्यात येत आहे.

दोघेही त्या वेळी मोरीपाशी बसून लक्ष्मीबाईंना पीठ चाळून देत होते.